पाऊस लागला की सगळं बंद पडतं: घरातल्या चौघांसाठी बारमाही व्यायाम आणि खेळ सुचवा

फुलेवाडीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राहतो, घरात चार माणसं. मी ४३, शिरोलीत दिवसभर संगणकासमोर बसून. पोट सुटलंय, रक्तदाब वरच्या कडेला आहे, गोळी अजून नाही. बायको ३९, तिची कंबर अधूनमधून धरते. आई ६९, गुडघे दुखतात, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, पण स्वयंपाक आणि देवळात जाणं स्वतःचं स्वतः करते. मुलगी १३ वर्षांची. शाळा आणि क्लास सोडला तर हातात मोबाईल.

रंकाळा तलाव घरापासून चालत दहा मिनिटांवर. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, गच्ची सगळ्या बिल्डिंगची मिळून.

अडचण अशी की उन्हाळ्यात रंकाळ्यावर फिरणं सुरू होतं, जूनमध्ये पाऊस लागला की बंद. मग दसऱ्यापर्यंत कोणी हलत नाही. जिमचे वर्षाचे पैसे भरायचे नाहीत. बाहेर काय करावं, घरात काय करावं, किती करावं आणि कुणी काय करू नये, हे जाणकारांनी नीट सांगावं. सायकल घ्यायचा विचार डोक्यात आहे, त्यावरही बोला. "रोज चाला, कमी खा" एवढंच सांगू नका, ते आई रोज सांगते.

चालता_बोलता

आधी मापाचं बघू, कारण बहुतेकांचं तिथंच चुकतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे: मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची किंवा ७५ ते १५० मिनिटं जास्त जोराची हालचाल करावी, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पासष्टीच्या पुढं तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. "एका वेळी निदान दहा मिनिटं झालीच पाहिजेत" ही जुनी अट या वेळी काढून टाकली. तुमच्या प्रश्नाला याचा मोठा उपयोग आहे. पावसाची उघडीप पंधरा मिनिटांचीच मिळाली तरी ती पंधरा मिनिटं हिशेबात धरायची.

मध्यम जोर ओळखायची सोपी खूण: चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. पावलं मोजायची तर मिनिटाला साधारण १००. रंकाळ्यावर संध्याकाळी चौपाटीच्या बाजूला जी गर्दी चालते ती मिनिटाला ६०-७० च्या वर जात नाही, आणि शेवट भेळेच्या गाडीवर होतो. चालायचं असेल तर सकाळी जा आणि पदपथाची मोकळी बाजू धरा. पहिली पाच मिनिटं सावकाश, मग वीस-पंचवीस मिनिटं जोरात, शेवटची पाच पुन्हा सावकाश. चालून झाल्यावर मिसळ खायची असेल तर खा, पण ती व्यायामातून वळती करू नका.

आता आईंचं. गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मांडीचा पुढचा स्नायू कमजोर झाला की गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो. सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटं दोनदा चालायला लावा. तलावाच्या घाटाच्या पायऱ्या मात्र टाळा, उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त दाब येतो.

घरात त्यांच्यासाठी तीन गोष्टी पुरेत. पहिली, खुर्चीवरून उठबस. भिंतीला टेकवलेली, न हलणारी, हात नसलेली खुर्ची घ्या. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती पुढं झुकवून उठायचं, बसताना तीन मोजत हळू बसायचं, धपकन नाही. आठ वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा आठ. जमत नसेल तर बसायला उशी ठेवून उंची वाढवा, हातानं रेटून उठू देऊ नका. दुसरी, ओट्याला धरून टाचा उचलणं, दहा-बारा वेळा. तिसरी, तोल: ओट्याजवळ एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून दहा सेकंद उभं राहणं, मग पाय बदलून. हात ओट्यापासून चार बोटं वर, टेकलेला नाही, पण लागला तर धरता यावा असा. हे सॉक्स घालून करू नका, फरशीवर पाय सटकतो.

मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड आहे का ते चिठ्ठीवर बघा. असेल तर उपाशीपोटी चालल्यावर साखर खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी. खिशात साखरेच्या पुड्या ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर थांबून तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. रंकाळ्यावर अनवाणी चालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असली तर काच घुसलेली कळत नाही. घरी आल्यावर पाय पुसून बोटांच्या बेचक्या बघायच्या.

वहिनींची कंबर: दुखणं गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आधी डॉक्टर. तसं नसेल तर चालणं सगळ्यात चांगलं. जोडीला हे करा: हातापायांवर ओणवं, पाठ सपाट, उजवा हात पुढं आणि डावा पाय मागं सरळ, सहा-सात सेकंद धरायचं, मग बाजू बदलायची. दोन्ही बाजूंनी सहा-सहा. कंबर एका बाजूला कलंडली की व्यायाम वाया गेला. पाठीवर वाटी ठेवून करा, पडली तर कळतं. पोट कमी करायला म्हणून सिट-अपसारखे पोट दुमडायचे व्यायाम तिनं अजिबात करू नयेत.

लाल_माती

वरचं सगळं बरोबर. पण कोल्हापुरात राहून ताकदीच्या व्यायामाला जिमच लागते असं वाटणं म्हणजे गंमतच. चार बाय सात फूट जागेत जोर, बैठका आणि सपाटे होतात, पाऊस असो वा ऊन. फक्त पद्धत शिका. लोक मोजणीच्या नादात पद्धत घालवतात.

जोर असा: तळहात खांद्याएवढ्या अंतरावर, पाय त्याहून थोडे रुंद, ढुंगण वर, डोकं दोन्ही दंडांच्या मध्ये. कोपरं वाकवत नाक, मग छाती, दोन तळहातांच्या मधून जमिनीलगत पुढं न्यायची आणि छाती वर काढून समोर बघायचं. तिथून त्याच वाटेनं नाही, तर हात सरळ ठेवून ढुंगण मागं-वर ढकलत मूळ जागी. खाली जाताना श्वास सोडायचा, मागं येताना घ्यायचा. श्वास कोंडून धरला की रक्तदाब उसळतो, तुम्हाला तर ते मुळीच चालणार नाही.

बिघडतं कुठं? कोपरं बाहेर फाकतात, मग खांदा बोलायला लागतो. कोपरं बरगड्यांकडे ठेवा. छाती वर काढताना पोट सैल सोडलं की सगळा बाक कमरेत पडतो. पोट आत ओढलेलं पाहिजे. मनगट दुखत असेल तर दोन लाकडी ठोकळे मुठीत धरून त्यावर करा, मनगट सरळ राहतं.

तुमच्या वजनाला आणि वयाला थेट जमिनीवर येऊ नका. पहिले दोन आठवडे भिंतीला हात लावून, साधे, दहाचे तीन. मग दोन आठवडे ओट्याच्या कडेवर. ते सहज झाले की जमिनीवर पाचाचे तीन, एक दिवसाआड. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत एक वाढवा, जास्त नाही.

बैठकांबाबत एक सांगतो. पैलवानी बैठक टाचा उचलून, पूर्ण खाली, वेगानं असते. ती लहानपणापासून सवय असलेल्या गुडघ्यांसाठी. खुर्चीवर वीस वर्षं बसलेल्या माणसानं ती पहिल्याच दिवशी शंभर मारली तर दुसऱ्या दिवशी संडासात बसताना आठवण येते. टाचा टेकलेल्या, पाय खांद्याएवढे फाकलेले, मांडी जमिनीला समांतर येईपर्यंतच. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनंच वाकला पाहिजे, आत पडता कामा नये. दहाचे तीन. सपाटा म्हणजे जोर आणि बैठक एकात एक. तो दोन्ही स्वतंत्र जमल्यावर, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी. सपाट्यात धाप लागते, त्यामुळं पावसात चालणं बुडालं तर त्याची भरपाई तो बऱ्यापैकी करतो.

मुदगल (लाकडी जड गदा) फिरवायची हौस असेल तर गच्चीवर. फ्लॅटच्या छताची उंची साडेनऊ-दहा फूट असते आणि मध्ये पंखा, पुढचं सांगायला नको. सुरुवातीला दोन ते तीन किलोचा एक, दोन हातांनी. खांद्यामागून फिरवताना कमर हलवायची नाही.

तालमीत जाऊन शिकायचं असेल तर शहरात पेठांपेठांत तालमी आहेत. खासबाग मैदान १९१२ चं, आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधवही इथल्या मातीत तयार झालेले. त्यामुळं शिकवणारी माणसं या गावात कमी नाहीत. वस्तादांना सरळ सांगा की कुस्ती नाही, व्यायाम शिकायचाय. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. चपला बाहेर, नखं कापलेली, विचारल्याशिवाय हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पाय नाही. मातीत उतरलात तर लगेच आंघोळ आणि लंगोट रोज धुतलेला, नाहीतर गजकर्ण हमखास.

आणि खुराक! बदामाची थंडाई, तूप, दूध हे दिवसाला हजारात जोर-बैठका मारणाऱ्या पोराचं आहे. पंधरा जोर मारून तो खुराक घेतला तर पोट आहे त्याच्या पुढं जाईल.

फुलेवाडीकर

दोघांचेही आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पावसाळ्यात घरात दोरीवरच्या उड्या चालतील का? मुलगीही करेल म्हणते. आणि सायकलचं कुणीतरी सांगा.

चालता_बोलता

दोरी मुलीला चालेल. तुम्हाला सध्या नको. वजन जास्त, खाली सिमेंटवर बसवलेली टाइल, नडगीच्या हाडाच्या कडेनं दुखणं सुरू होतं आणि मग सगळंच बंद. मुलीनंही उघड्या टाइलवर नाही, पंधरा-वीस मिलिमीटरच्या रबरी चटईवर, बूट घालून. (खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध चांगले राहावेत हेही आहेच.) दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढल्या की त्या काखेपर्यंत याव्यात, तेवढी लांबी. उडी जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर, दोरी मनगटानं फिरवायची, हातानं नाही. वीस सेकंद उड्या, चाळीस सेकंद विश्रांती, असं आठ वेळा.

तुम्ही त्याऐवजी जिना चढा. दोन मजले दमात चढायचे, उतरताना कठड्याला हात लावून सावकाश. दहा मिनिटं केलं तरी छातीचे ठोके चांगले वाढतात. पावसात जिन्याच्या तोंडाशी ओली चिखलाची पावलं असतात, आधी पुसून घ्या.

गिअर_दोन_तीन

सायकलबद्दल. घ्यायची तर हायब्रिड (मध्यम जाडीच्या टायरची) घ्या. जाड टायरची डोंगरी सायकल दिसायला भारी, पण डांबरी रस्त्यावर दम काढते, आणि पुढचे शॉक ॲबसॉर्बर स्वस्त सायकलीत नुसतं वजन असतं. तुम्हाला आपल्याकडचे चढ चढायचेत, त्यामुळं दुकानात एकच गोष्ट दात मोजून बघा: पुढची सगळ्यात छोटी चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दात जवळजवळ सारखे पाहिजेत, म्हणजे पुढं ३०-३४ तर मागं ३२-३४. पुढं एकच ४२-४४ दातांची चकती असेल तर पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या चढाला ढकलत न्यावी लागेल.

फ्रेमचं माप उंचीवर, दुकानदाराकडं शिल्लक काय आहे त्यावर नाही. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहा, वरच्या नळीच्या आणि तुमच्या मध्ये निदान तीन-चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत. सीटची उंची: टाच पेडलवर, पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. आपल्याकडं दहातले सात जण सीट खाली ठेवून चालवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकायचे असतात. त्यांचे गुडघे पुढच्या बाजूनं दुखतात आणि दोष सायकलला जातो. गुडघा मागच्या बाजूनं दुखत असेल तर उलट, सीट जास्त वर आहे.

हवा किती ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. हायब्रिडच्या ३५-४० मिलिमीटर टायरला साधारण ५० ते ६५ पीएसआय. ओल्या रस्त्यावर पाच-सात कमी केली तर पकड सुधारते. पाय मिनिटाला ७०-८० फेऱ्या फिरतील असा गिअर ठेवा. जड गिअर रेटत बसणं हा व्यायाम नव्हे, गुडघ्याची झीज आहे. आणि गिअर चढ सुरू व्हायच्या आधी हलका करा. चढावर पेडलवर पूर्ण जोर असताना बदलला तर चेन उतरते.

रस्ता: पहिला महिना फुलेवाडीतून कळे बाजूला सपाट अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं, आठवड्यातून तीनदा. मग शिवाजी पुलावरून केर्लीपर्यंत. पन्हाळा शहरापासून साधारण २० किलोमीटर. खरा चढ वाघबीळपासून लागतो. तो दोन महिन्यांनंतरच. तासाला अर्धा लिटर पाणी, दीड तासाच्या वर जाणार असाल तर ओआरएस. चढताना त्रास कमी, उतरताना जास्त होतो: ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करा आणि वळणात सोडा. पावसात रिम ब्रेक पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पकडतच नाही, आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं. म्हणून लवकर आणि हलका दाबायला सुरुवात करायची.

पावसात चालवलीत तर घरी येऊन चेन कापडानं कोरडी करा, प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकेक थेंब, पाच मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. पुसलं नाही तर त्यात माती बसते आणि चेन कानशीसारखी चकत्या खाते. दुकानात "इंजिन ऑइल चालतंय की" म्हणतील, चालत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघितल्याशिवाय त्या बाजूला जाऊ नका. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की रत्नागिरी रस्त्यावर पाणी यायला वेळ लागत नाही. वाहत्या पाण्यात घोट्याएवढ्या खोलीतही सायकल घालायची नाही, डांबर खचलंय की नाही ते वरून दिसत नाही.

डावा_विंगर

लेकीबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी. तिच्या वयाला "व्यायाम कर" म्हटलं की संपलं. खेळ द्या, आणि सोबत खेळणाऱ्या मैत्रिणी बघा. दोघी-तिघी एकत्र जात असतील तर पोरं टिकतात, एकटीला पाठवलं की तिसऱ्या आठवड्यात पोट दुखतं.

पावसाळ्यात बॅडमिंटन. कोर्ट १३.४ मीटर लांब, दुहेरीला ६.१ मीटर रुंद, जाळी मधोमध १.५२४ मीटर. तासावर भाड्यानं घ्या, चौघांत वाटून जातं. रॅकेट ४यू वजनाची, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, तार २२-२४ पौंडांवर. दुकानात २८ वर ताणून देऊ लागले तर नको म्हणा. नवख्याच्या हाताला तेवढ्या ताणात फटका बसत नाही आणि कोपर दुखतं. शिकताना निळ्या पट्टीचं नायलॉन शटल बास, पिसाचं दोन फटक्यांत मोडतं. पैसे बुटांवर घालवा: गम सोलचे, कोर्टवर डाग न पाडणारे. धावायच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला झेपावताना त्यातच घोटा मुरगळतो. सिमेंटच्या कोर्टपेक्षा लाकडी किंवा सिंथेटिक मॅटचं मिळालं तर तेच धरा.

पाऊस संपला की फुटबॉल. ज्या गावात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं, तिथं मुलीनं बॉलला पाय लावू नये हे बरं दिसत नाही. मुलींच्या टीम आता शाळांतही आहेत, क्लबातही. १३ व्या वर्षापासून पाच नंबरचा बॉल, त्याआधी चार नंबर. आपली मैदानं जानेवारीनंतर दगडासारखी टणक होतात, त्यावर लांब स्टडचे बूट घातले की टाच दुखते. बारीक रबरी गुठळ्यांचे टर्फ शूज घ्या. नडगीला गार्ड रोज लावायचे, नुसते मॅचला नाही. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं अंग गरम करणं टाळणारा कोच असेल तर दुसरा बघा. फिफाच्या "११+" या ठरलेल्या सरावानं दुखापती कमी होतात हे तपासून झालंय, लहानांसाठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. मुलींना गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. उडी मारून उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का तेवढं बघा, झुकत असतील तर आधी दोन पायांवर मऊ उतरायला शिकवायचं.

मर्दानी खेळ हा तिसरा पर्याय, कोल्हापूरचा खास. लाठीनं सुरुवात होते, पट्टा नंतर. बांबू भरीव, गाठी घासून गुळगुळीत केलेला, उंची भुवयांपर्यंत. पोकळ बांबू उभा चिरतो आणि तळहातात कूस जाते. पहिले काही आठवडे नुसती मनगटाची फेक, मोकळ्या जागेत, चारही बाजूंना लाठीच्या दीडपट अंतर. गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि डिश अँटेना आधी बघून घ्या.

घरात संध्याकाळी कॅरम लावा. घाम येत नाही, मान्य. पण जमिनीवर मांडी घालून बसणं-उठणं होतं आणि आजी-नात एका बोर्डवर येतात. आईंना मात्र खुर्चीवर बसवून, बोर्ड स्टँडवर. पावसात प्लायवूड सर्दावून बोर्ड फुगतो, भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, सपाट ठेवा. बोरिक पावडर चिमूटभर, ढीग नाही.

पाणकावळा

कंबर आणि गुडघे या दोन्हींना पोहणं सगळ्यात सोयीचं, ते राहिलंच. कमरेइतक्या पाण्यात अंगाचं वजन निम्म्याच्या आसपास जाणवतं, छातीपर्यंत गेलं की त्याहून कमी. आईंना पोहता येत नसलं तरी छातीपर्यंतच्या पाण्यात कठडा धरून वीस मिनिटं चालता येतं, फक्त सोबत एक माणूस पाहिजे. जखम असेल तर नाही.

तलाव निवडताना पाणी बघा. खोल भागातला तळाचा निचरा वरून स्पष्ट दिसत नसेल तर उतरू नका. क्लोरीनचा झोंबणारा वास म्हणजे पाणी स्वच्छ असा समज आहे, खरं तर घाम आणि लघवीशी क्लोरीन मिसळून तो वास येतो. पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम पाहिजे. विचारलं तर नोंदवही दाखवतात, न दाखवणारा तलाव सोडा.

शिकायचा क्रम: कठडा धरून तोंड पाण्यात, नाकातोंडानं बुडबुडे. मग पालथं तरंगणं, मग फळी धरून पाय मारणं, हात सगळ्यात शेवटी. बरेच प्रशिक्षक हातापासून सुरू करतात. मग माणूस डोकं वर काढून झगडतो, कंबरेत बाक येतो आणि वहिनींसारख्यांचं दुखणं वाढतं. त्यांना उताणं पोहणं शिकवा, ब्रेस्टस्ट्रोक नको. मुलीला सांगा, २०१० च्या एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणणारा वीरधवल खाडे इथलाच.

पंचगंगेत पावसाळ्यात नाही म्हणजे नाही, कितीही पोहता येत असलं तरी. गढूळ पाण्यात खालची झाडं-काटे दिसत नाहीत, शिवाय लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा ताप). कळंबा तलावातही नाही, ते पिण्याचं पाणी आहे.

फुलेवाडीकर

ठरलं असं: आई आणि बायको सकाळी, मी जोर आणि जिना, सायकल पाऊस संपल्यावर. लेक बॅडमिंटनला तयार आहे, लाठी म्हटल्यावर मोबाईल खाली ठेवला. शेवटचा प्रश्न. ऑफिसातली पोरं जुलैत पन्हाळा ते पावनखिंड जाऊया म्हणतात. जमेल का मला?

गिअर_दोन_तीन

या जुलैत नको. पन्नास किलोमीटरच्या वर चाल आहे, दोन दिवस, गडाच्या राजदिंडी वाटेनं उतरून मसाई पठार, मुक्काम करपेवाडीच्या आसपास, मग पांढरपाण्यावरून खिंड. चिखल घोट्यापर्यंत. पुढच्या वर्षीसाठी तयारी करा: सलग दोन दिवस रोज १५ किलोमीटर, पाठीवर पाच किलो, असं जमायला लागलं की हो म्हणा. यंदा नुसतं मसाई पठार करून या, अर्ध्या दिवसाचं आहे.

सुती सॉक्स नकोत, भिजले की फोड येतात. पॉलिस्टरचे दोन जोड, एक पिशवीत बांधून कोरडा. तळाला खोल खाचा असलेले हंटर शूज शेवाळावर महागड्या धावायच्या बुटांपेक्षा बरे. गमबूट नको, पाणी आत गेलं की बाहेर येत नाही. जीन्स अजिबात नाही. धुकं उतरलं की पठारावर वाट सापडत नाही, फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि पुढच्याचा पाठलाग करत पळू नका. वळवाच्या दिवसांत, मे महिन्यात, जात असाल तर दुपारी बाराच्या आत पठार सोडा. वीज मोकळ्या माळावर उभ्या माणसावर पडते, झाडाखाली थांबणं त्याहून वाईट.

लाल_माती

जळू लागली तर मीठ-तंबाखू घासत बसू नका भावा, नखानं कडेनं सरकवून काढा आणि जखम धुवा. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय न हलवता गाडीत घालून सरळ सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय.